आभाळातून पडलेल्या दगडाचा धनी कोण?

सिंदी (रेल्वे) हे नागपूर-वर्धा लोहमार्गावरचे, वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले गाव. विदर्भात ते ओळखले जाते तान्ह्या पोळ्यासाठी. आता त्याला आणखी एक ओळख मिळू घातली आहे. जवाहरलाल नेहरू बंदराच्या ड्रायपोर्टचे भूमिपूजन 2017 मध्ये इथे झाले. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असला तरी माल इथेच तपासायचा, कंटेनर इथेच सीलबंद करायचा आणि थेट बंदराला लावायचा, अशी ती कल्पना. कापसाची गाठ किंवा संत्र्याची पेटी परदेशी निघाली तर ती कोणाची, असा प्रश्न तिथे कोणी विचारणार नाही. ज्याने पिकवली त्याची. त्याने विकली की घेणाऱ्याची. पण उद्या याच पट्ट्यात कोणाच्या वावरात आभाळातून दगड पडला आणि तो कोणी खोक्यात भरून धाडायला आणला, तर? जकातीच्या जगभर चालणाऱ्या वर्गवारीत 9705 हा क्रमांक आहे. खनिजशास्त्रीय कुतूहलाच्या, संग्राह्य वस्तूंसाठीचा. कागदापुरता प्रश्न तिथे मिटेल. मात्र जे कोणी पिकवले नाही, घडवले नाही, खणून काढले नाही आणि बापजाद्यांकडून मिळालेही नाही, ते विकण्याचा अधिकार कोणाला असतो, हे त्या क्रमांकाने सुटत नाही. हा प्रश्न मुळात धर्माचा आहे. इथे धर्म म्हणजे कर्तव्यही आणि पूजाही.

प्रश्न हवेतला नाही. 22 मे 2012 रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलवर उल्कापाषाणांचा वर्षाव झाला. सुमारे 13 किलो तुकडे हाती आले. त्यातल्या एका तुकड्यात शास्त्रज्ञांना पुढे ब्रिजमनाइट हे खनिज सापडले. पृथ्वीच्या पोटात, खालच्या प्रावरणात, सगळ्यात विपुल असलेले हे खनिज वर आपल्या हाती सहसा लागतच नाही. त्यावरचा शोधनिबंध 2021 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला आणि त्याच्या शीर्षकातच काटोलचे नाव आहे. त्याआधीही वऱ्हाडात चांदकापूरला 1838 मध्ये, खानदेशात माणेगावला 1843 मध्ये आणि नगर जिल्ह्यात जामखेडला 1866 मध्ये दगड पडल्याची नोंद जगाच्या सूचींत आहे. या सगळ्या घटनांत एक साम्य आहे. दगड पडताना कोणीतरी पाहिला, किंवा त्याचा आवाज ऐकला. आपल्या काळ्या मातीत आणि काळ्या बेसाल्टात काळ्या सालीचा दगड ओळखू येत नाही, आणि दोन-चार पावसाळ्यांत त्यातले लोखंड गंजून जाते. म्हणून इथे साक्षीदार नसेल तर दगडही नसतो.

वाळवंटात उलटे आहे. सहारात किंवा ओमानच्या जिद्दत-अल-हरासीसच्या पठारावर फिकट जमिनीवर काळा ठिपका लांबून दिसतो, आणि कोरड्या हवेत तो हजारो वर्षे टिकतो. पडताना कोणी पाहिलेला नसतो. सापडतो तेव्हा तो फक्त दगड असतो, घटना नव्हे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या दगडांचा मोठा बाजार उभा राहिला. उंटांमागे फिरणारा भटका माणूस दगड उचलतो, मोरोक्कोच्या एर्फूदसारख्या गावात दलाल तो घेतो आणि पुढे अमेरिकेत टूसॉनच्या खनिजांच्या बाजारात तो ग्रॅमवर विकला जातो. नेमका कुठे सापडला, हे सांगायला या साखळीत कोणी उरत नाही, किंवा कोणी सांगू इच्छित नाही. एरवी उल्कापाषाणाला तो पडल्या गावाचे नाव देण्याची रीत आहे. या अनाथ दगडांना मात्र ‘नॉर्थवेस्ट आफ्रिका’ आणि पुढे एक आकडा, एवढेच नाव मिळते. नॉर्थवेस्ट आफ्रिका 16788 हा त्यातलाच एक. मंगळावरून आलेला, साडेचोवीस किलोंहून जड. 2023 मध्ये तो नायजर देशाच्या अगादेझ भागात सापडला आणि जुलै 2025 मध्ये न्यूयॉर्कला सदबीज या लिलावघरात सुमारे 53 लाख डॉलरना विकला गेला. लिलावानंतर नायजर सरकारने चौकशी लावली आणि मौल्यवान खडे व उल्कापाषाणांची निर्यात थांबवली. सगळे कायदेशीरच झाले, असे लिलावघराचे म्हणणे आहे. ते खरे असेलही. पण कायदेशीर आणि योग्य यांच्यामधली जागा किती मोठी असते, हे या एका दगडाने दाखवून दिले. त्या दगडाच्या नावात नायजर नाही.

मालकी सिद्ध करण्याच्या आपल्या नेहमीच्या तीन वाटा आहेत, आणि या दगडापाशी त्या तिन्ही अडतात. पहिली वाट श्रमाची. ज्याने शोधले त्याचे. शोधणाऱ्याचे श्रम खरे आहेत. सहाराच्या उन्हात महिनोन्‌महिने मान खाली घालून चालणे ही चेष्टा नाही. पण त्या श्रमाचा मोबदला आणि 53 लाख डॉलर यांचे काही गणित जुळत नाही. किंमत श्रमाची नाही, दुर्मीळपणाची आहे, आणि दुर्मीळपणा कोणी कमावलेला नसतो. दुसरी वाट जमिनीची. ज्याच्या धुऱ्याच्या आत पडला त्याचा. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात याच मुद्द्यावर खटला गाजला. साडेपंधरा टनांचा विलामेट नावाचा लोहपाषाण एलिस ह्यूज या शेतकऱ्याने 1903 च्या सुमारास शेजारच्या कंपनीच्या जमिनीवरून गुपचूप पाऊण मैल ओढत आपल्या आवारात आणला आणि पाहायला येणाऱ्यांकडून पंचवीस-पंचवीस सेंट घेऊ लागला. कंपनी कोर्टात गेली. 1905 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दगड जमीनमालक कंपनीला दिला. ज्या मूळनिवासी क्लॅकमस लोकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या पूज्य मानला होता, त्याच्या खळग्यांत साठलेले पाणी पवित्र मानले होते, त्यांचा हक्क त्या निकालात मान्य झाला नाही. न्यायालयाने चूक केली असे नाही. जमिनीच्या तर्काला तेवढेच दिसते. पण तो तर्कच तोकडा आहे. दगड त्या जमिनीचा भाग नव्हता, तो तिथे येऊन पडला होता. आणि जमीन तरी कोणाच्या हातून कोणाकडे गेली होती, हा वेगळाच प्रश्न.

तिसरी वाट राज्याची. आपल्याकडे 1878 चा निखात निधीचा कायदा जमिनीत दडलेल्या मोलाच्या वस्तूंबद्दल बोलतो. भर दुपारी गावासमोर पडलेला दगड दडलेला कसा म्हणायचा? पुरावशेषांचा 1972 चा कायदा माणसाच्या हातच्या वस्तूंसाठी आहे. प्रथा अशी की सापडलेला दगड भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे द्यायचा, आणि देशाचा मुख्य संग्रह कोलकात्यात आहे. प्रथा चांगली आहे. तिच्यामुळेच 1865 मध्ये बिहारात शेरघाटीला पडलेला दगड जपला गेला आणि मंगळाच्या दगडांच्या एका अख्ख्या कुळाला त्या गावाचे नाव लागले. पण सर्वेक्षणाला तो का द्यायचा, याचे उत्तर प्रथेत नाही. राज्याने त्या दगडाला मातीपेक्षा जास्त काही दिलेले नसते.

याहून मोठी विसंगती आभाळाच्या कायद्यात आहे. 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे जाताना लाखो लोकांनी पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचे भलेमोठे कडे पडले. परिसरात गोळेही सापडले. ते चीनच्या लाँग मार्च रॉकेटचे अवशेष असावेत, असा जाणकारांचा अंदाज होता. अशा वस्तूंबद्दल 1967 चा अंतराळ करार अगदी स्पष्ट आहे. अंतराळात सोडलेली वस्तू पृथ्वीवर परत पडली तरी मालकी बदलत नाही; ज्याने सोडली त्याची ती राहते. तोच करार म्हणतो की चंद्रावर, मंगळावर कोणत्याही राष्ट्राला सार्वभौम हक्क सांगता येणार नाही. म्हणजे रॉकेटचा पत्रा कुठेही पडला तरी धन्याचा. मंगळ मंगळावर असेपर्यंत कोणाचाच नाही. आणि त्याच मंगळाचा तुकडा पृथ्वीवर पडला की ज्याच्या खिशात पैसा असेल त्याचा! माणसाने बनवलेल्या भंगाराला जे संरक्षण आहे ते न बनवलेल्या दगडाला नाही. कायद्याने इथे विचार केला आणि तो चुकला, असे म्हणता येत नाही. इथे त्याने विचारच केलेला दिसत नाही.

मग धर्म काय म्हणतो? आकाशातून पडलेल्या दगडासमोर श्रद्धेने दोन टोकांची उत्तरे दिल्याचे एकोणिसाव्या शतकाच्या नोंदींत सापडते. डिसेंबर 1880 मध्ये बिहारात अंधारा गावी दगड पडला. लगेच दोन ब्राह्मण त्याचे पुजारी झाले आणि फुले, दूध, तांदूळ, बेल वाहिले जाऊ लागले. त्याच्या तेरा वर्षे आधी, 1867 मध्ये, राजस्थानात खेतडीजवळ पडलेल्या दगडांना लोकांनी कोपलेल्या देवाचे अस्त्र समजून कुटले आणि पूड वाऱ्यावर उधळली. एकाने डोक्यावर घेतला, दुसऱ्याने भुगा केला. दोघांनाही हा दगड आपला वाटला नाही, हे मात्र सारखेच. आणि हेच आजच्या बाजारात हरवले आहे. दागिन्याच्या दुकानात मंगळाच्या पातळ चकत्या ग्रॅमच्या भावाने विकल्या जातात तेव्हा तिथेही भुगाच होतो, फक्त भीतीऐवजी हाव असते. (भुगा करणाऱ्यांना निदान झोप लागली नसावी.)

आपल्या परंपरेत या प्रकारच्या दगडाला पूर्वीपासून एक जागा आहे. गंडकीचा शाळिग्राम आणि नर्मदेचा बाण कोणी घडवत नाही. ते आयते मिळतात, आणि म्हणूनच त्यांना प्राणप्रतिष्ठा लागत नाही. शाळिग्रामाची खरेदी-विक्री हे पाप, असे पुराणपरंपरा सांगते. देवाच्या दुकानांत तो राजरोस विकला जातो, तो भाग सोडा. दंडक मोडला जातो म्हणून तो चुकीचा ठरत नाही. त्यामागे सूक्ष्म विचार आहे. मूर्तिकाराच्या मूर्तीला मोल आहे, कारण तिच्यात मजुरी आहे. शाळिग्रामात कोणाचीच मजुरी नाही, म्हणून त्याचा भाव लावायला आधारच नाही. तो द्यावा, घ्यावा, जपावा. शाळिग्राम म्हणजे प्राचीन समुद्रातल्या शंखवर्गीय प्राण्याचा जीवाश्म, हे आज आपल्याला माहीत आहे. त्या माहितीने हा विचार ढासळत नाही, उलट पक्का होतो. कोट्यवधी वर्षांच्या वस्तूवर पन्नास-साठ वर्षे जगणाऱ्याची मालकी कसली?

पण ‘कोणाचाच नाही’ एवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे. जे कोणाचेच नाही ते बळकटाचे होते, हा इतिहासाचा साधा नियम. ग्रीनलंडच्या केप यॉर्कचा एकतीस टनांचा लोहपाषाण ध्रुवसंशोधक रॉबर्ट पिअरीने 1897 मध्ये जहाजात घातला आणि तो अखेर न्यूयॉर्कच्या संग्रहालयाला 40 हजार डॉलरना विकला गेला. तिथल्या इनुइट लोकांनी केप यॉर्कच्या लोहपाषाणांतून पिढ्यान्‌पिढ्या सुऱ्यांची पाती काढली होती. ते लोखंड कोणाच्या नावावर नव्हते, म्हणूनच नेता आले. तेव्हा मालकी नाकारल्यावर तिच्या जागी काय ठेवायचे, हे सांगावेच लागते, आणि त्यासाठी सिंदीहून फार दूर जावे लागत नाही. याच वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, गांधीजींनी विश्वस्तपणाचा विचार लावून धरला. हा शब्द आपल्याला इंग्रजी कायद्याच्या अभ्यासातून उलगडला, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. स्नेल या कायदेपंडिताच्या ग्रंथातली न्यायतत्त्वे आणि गीतेतला अपरिग्रह त्यांच्या मनात एकत्र आले. विश्वस्ताच्या ताब्यात कोट्यवधी असले तरी त्यातली पै त्याची नसते. पुढे विनोबांनी तोच विचार जमिनीला लावला आणि 1951 मध्ये भूदान सुरू झाले.

विनोबांच्या पवनारात याचा एक मूर्त दाखलाही आहे. धाम नदीकाठच्या आश्रमाच्या जमिनीत खणताना एक प्राचीन शिल्प निघाले. विनोबांनी त्यात राम आणि भरताची भेट ओळखली. तुरुंगातल्या गीता-प्रवचनांत त्यांनी याच भेटीच्या चित्राची इच्छा बोलून दाखवली होती. शिल्प विकले गेले नाही, कोणा मोठ्या शहरातही गेले नाही. जिथे निघाले तिथेच त्याची स्थापना झाली. ज्याला अभ्यास करायचा त्याने तिथे यावे, ज्याला हात जोडायचे त्यानेही. आणि प्रसंग कोणता, तर भरताचा! हाती आलेले राज्य आपले नाही हे जाणून पादुका सिंहासनावर ठेवणारा आणि तरी चौदा वर्षे कारभार चोख करणारा भरत हा विश्वस्तपणाचा रामायणातला सर्वांत रेखीव दाखला आहे. भरताने राज्य नाकारून वाऱ्यावर सोडले नाही, घेऊन उपभोगलेही नाही. आभाळातून पडलेल्या दगडाशी आपले नाते असेच असायला हवे. मालकी सिद्ध होत नाही, पण जबाबदारी सिद्ध होते; आणि ती सगळ्यांत आधी येते तो जिथे पडला तिथल्या माणसांवर, कारण दगडाच्या लांबच्या प्रवासातला अखेरचा पत्ता फक्त त्यांच्याकडे असतो.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. बाजार नसता तर हे दगड सापडलेच नसते. सहारातल्या भटक्याला पैसे मिळाले नसते तर तो मान खाली घालून कशाला चालला असता? चंद्र-मंगळाचे कितीतरी दगड विज्ञानाच्या हाती दलालांमुळेच आले. हे मान्यच केले पाहिजे. पण यातून शोधणाऱ्याला मोबदला हवा, एवढेच निघते. खरेदीदाराला मालकी हवी, हे निघत नाही. डेन्मार्कमध्ये 1990 पासून उल्कापाषाण राज्याकडे द्यावा लागतो आणि देणाऱ्याला बक्षीस मिळते. दुसरीकडे अंटार्क्टिका पाहा. जपानी चमूला 1969 मध्ये तिथे एकाच हिमक्षेत्रात नऊ दगड मिळाले आणि बर्फाचे हे कोठार लक्षात आले. अमेरिकी मोहिमांनी 1976 पासून वीस हजारांहून अधिक दगड गोळा केले. त्यातला एकही बाजारात आला नाही, आणि जगातला कोणताही अभ्यासक ते अभ्यासाला मागू शकतो. शोध बाजाराशिवाय होतो. त्यासाठी पैसा मात्र कोणीतरी घालावा लागतो, आणि नायजरसारख्या देशापाशी तो नाही. ही या युक्तिवादाची खरी अडचण आहे; ती तत्त्वाने नाही, मदतीने सुटेल.

दुसरा आक्षेप असा की मंगळाच्या दगडाला राष्ट्रीयत्व चिकटवणे हास्यास्पद आहे. दगड नायजरचा नाही, काटोलचा नाही, भारताचाही नाही. अगदी बरोबर. म्हणूनच इथे मालक म्हटलेले नाही, विश्वस्त म्हटले आहे. ‘साऱ्या मानवजातीचा’ हे ऐकायला उदात्त वाटते, पण लिलावाच्या दालनात त्याचा अर्थ होतो सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याचा. मानवजात कधी बोली लावायला येत नाही. तिच्या वतीने कोणीतरी जागेवर उभे राहावे लागते, आणि उभे राहण्याचा पहिला हक्क व पहिले ओझे तिथल्यांचे.

तिसरा आक्षेप सरकारी कपाटांचा, आणि तो आपल्या घरचा आहे. काटोलचा दगड काटोलच्या पोरांना पाहायला मिळत नसेल तर तो न्यूयॉर्कला गेला काय किंवा कोलकात्याला गेला काय, त्यांच्या दृष्टीने फरक काय? हा आक्षेप खोडता येत नाही, तो स्वीकारावा लागतो. जो विश्वस्त हिशेब दाखवत नाही तो मालकच झाला. विलामेटच्या बाबतीत उशिरा का होईना, एक वाट निघाली: 2000 साली, दगड ज्याच्याकडे पोचला होता ते न्यूयॉर्कचे संग्रहालय आणि क्लॅकमस लोकांचे वंशज ज्यात आहेत तो ग्रँड रोंड समाज यांच्यात करार झाला. दगड न्यूयॉर्कला राहिला, पण समाजाला दरवर्षी तिथे येऊन आपला विधी करण्याचा हक्क मिळाला. पूजा करणारा आणि परीक्षण करणारा एकाच दगडापाशी उभे राहू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले. श्रद्धाळू म्हणेल की देवाला करवतीने कापता कसे? त्याला सांगता येईल की अभ्यासासाठी आंतरराष्ट्रीय दंडक वीस ग्रॅम किंवा वजनाचा पाचवा हिस्सा, यातले जे कमी असेल ते मागतो, अख्खा दगड नाही. सिंदीच्या तान्ह्या पोळ्यात लाकडाच्या नंदीला हळदकुंकू लागते तेव्हा लाकूड कोणत्या झाडाचे हे माहीत असल्याने भक्ती उणावत नाही. दगडाची रासायनिक घडण कळल्यानेही उणावू नये.

तेव्हा निर्यात मुळातच पाप नाही. दगड अभ्यासासाठी परदेशी जावा, उसना जावा, देवाणघेवाणीत एखादा तुकडा कायमचाही जावा. पाप आहे ते पत्ता पुसून नेण्यात, शोधणाऱ्याला चिरीमिरी देऊन वाटेला लावण्यात आणि ज्या गावावर तो पडला त्याला काही न सांगण्यात. केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर 2022 मध्ये भू-वारसा स्थळे आणि भू-अवशेषांच्या जतनाच्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यात जीवाश्मांच्या जोडीने उल्कापाषाणांचाही उल्लेख आहे, पण सगळी सूत्रे एकाच खात्याच्या हाती जातात, अशी टीका अभ्यासकांनी केली, आणि मसुदा मसुदाच राहिला. तो पुन्हा हाती घेतला जाईल तेव्हा त्यात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: दगड देणाऱ्याला ठरलेल्या मुदतीत मोबदला, पडल्या गावाचे नाव आणि साक्षीदारांच्या जबान्या यांची कायमची नोंद, आणि प्रत्येक दगडाचा एक तुकडा त्या गावाच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत, काचेत, सगळ्यांना दिसेल असा. काटोलपासून सुरुवात करायला तर नव्या कायद्याचीही गरज नाही.